माशांच्या टाकीतलं शेवाळ आणि गोगलगाई: नागपूरकरांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

हे प्रश्न माझ्याकडे वर्षातून दोनदा झुंडीने येतात. एकदा मार्च सरताना, ऊन खिडकीतून थेट टाकीवर उतरतं आणि आठ दिवसांत काच हिरवी होते तेव्हा. दुसऱ्यांदा मे महिन्यात, शेवाळ खायला म्हणून आणलेल्या गोगलगाई एकेक करून तळाशी पडलेल्या दिसतात तेव्हा. नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी लिहून काढली आहेत. घाईत असाल तर ३, ७ आणि ९ ही उत्तरं आधी वाचा. नागपुरात गोगलगाय जगते की मरते हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

१. गोगलगाई खरंच शेवाळ खातात का, की नुसत्या काचेवर फिरतात?

खातात. गोगलगाईच्या तोंडात बारीक दातांच्या ओळींची एक फीत असते, तिला रॅड्युला म्हणतात. किसणीवर खोबरं किसावं तशी ती काचेवर फिरते आणि शेवाळ खरवडून आत घेते. रात्री दिवे बंद झाल्यावर टॉर्च धरून पाहा. हिरव्या काचेवर तिने मागे ठेवलेली नागमोडी, स्वच्छ वाट दिसेल.

मात्र खाल्लेलं शेवाळ विष्ठा होऊन पुन्हा टाकीतच पडतं. काच स्वच्छ होते, पण ज्या नायट्रेट आणि फॉस्फेटवर शेवाळ पोसतं ते पाण्यातच राहतात. म्हणून गोगलगाई आणल्या तरी पाणी बदलायचं काम सुटत नाही.

२. मग शेवाळ मुळात येतं कशामुळे?

उजेड जास्त आणि पाण्यात खत जास्त, या दोन कारणांनी. आपल्याकडे टाकी हॉलमध्ये शोभेसाठी ठेवतात आणि पाहुण्यांना दिसावी म्हणून दिवा सकाळपासून रात्रीपर्यंत चालू राहतो. दिवसाला ६ ते ८ तास उजेड पुरे आहे. स्वस्तातला टायमर लावला की विसरायची भीती नाही. टाकी खिडकीसमोर असेल तर जागा बदला, ते शक्य नसेल तर त्या बाजूच्या काचेला बाहेरून जाड कागद लावा.

खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच टाका. घरात लहान मुलं आणि आजी-आजोबा असले की माशांना दिवसातून चार वेळा दाणे पडतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. डबा एकाच माणसाच्या ताब्यात द्या. दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदला. मनी प्लांटची फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील अशी टाकीच्या कडेला अडकवली, तर ती नायट्रेट चांगलं ओढते.

३. दुकानात चार-पाच प्रकार दाखवतात. कोणती घ्यावी?

शेवाळासाठीच आणायची असेल तर नेराइट घ्या. झेब्रा, टायगर, शिंगवाली अशा नावांनी ती मिळते. काच, दगड, लाकूड, पानं, सगळीकडून शेवाळ खरवडते. जिवंत झाडांना हात लावत नाही आणि गोड्या पाण्यात तिची संख्या वाढत नाही (प्रश्न ११). माझ्या मते घरच्या टाकीसाठी तिच्या तोडीची दुसरी गोगलगाय नाही. अडचण एवढीच की दुकानात ती बहुधा पकडून आणलेली असते आणि प्रवासात उपाशी राहिलेली असते. काचेला घट्ट चिकटलेली निवडा, तळाशी उताणी पडलेली घेऊ नका.

मिस्ट्री, म्हणजे पिवळी किंवा सोनेरी, लिंबाएवढी होणारी गोगलगाय, दुकानदार सर्वात आधी दाखवतात. दिसायला फार गोड. ती मऊ शेवाळ थोडंफार खाते, पण तिचं खरं खाणं म्हणजे माशांचे उरलेले दाणे आणि कुजलेली पानं. काच साफ होईल या आशेने घेतलीत तर निराश व्हाल. आवडली म्हणून घेतलीत तर जरूर घ्या.

रॅम्सहॉर्न, चकलीसारखी चपटी वेटोळी, मऊ शेवाळ बऱ्यापैकी खाते पण भराभर वाढते. ब्लॅडर ही शेंगदाण्याहून लहान, झाडांबरोबर आपोआप येणारी. ती कोणी विकत घेत नाही. ट्रम्पेट ही लांबट, सुईसारख्या टोकाची. दिवसा रेतीत राहते, रात्री वर येते आणि रेती उकरून मोकळी ठेवते. ती रेतीसाठी आणा, काचेच्या कामाची तिच्याकडून अपेक्षा नको.

४. माझ्या टाकीत हिरवं आहे, तपकिरी आहे, काळ्या केसांसारखंही काहीतरी आहे. सगळं खातील का?

नाही. रंग आणि पोत पाहून ठरवा.

नव्या टाकीत पहिल्या एक-दोन महिन्यांत येणारी तपकिरी धूळ, म्हणजे डायटम, नेराइट आवडीने खाते. तसंही ती धूळ टाकी मुरली की बरीचशी आपोआप ओसरते. काचेवरचा मऊ हिरवा थरही खाते. नखानेही न निघणारे हिरवे कडक ठिपके नेराइट हळूहळू कमी करते, बाकीच्यांना ते जमत नाहीत. तिथे तुम्हीच ब्लेड किंवा जुनं एटीएम कार्ड फिरवा.

हिरव्या लांब धाग्यांना गोगलगाय पुरी पडत नाही. ते जुन्या टूथब्रशवर शेवयांसारखे गुंडाळून काढा. पानांच्या कडांवर आणि लाकडावर उगवणारे काळपट झुपके, ज्याला ब्लॅक बिअर्ड म्हणतात, ते कोणतीही गोगलगाय खात नाही. ती पानं छाटून टाका. दगड बाहेर काढून एप्रिलच्या उन्हात दोन दिवस वाळवले की झुपके मरतात आणि घासले की निघतात.

निळसर हिरवा, बुळबुळीत, सायीसारखा निघणारा आणि उग्र वासाचा थर हे शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया असतात. त्यांच्याकडे गोगलगाई फिरकतही नाहीत. थर नळीने ओढून काढा, तीन दिवस टाकी पूर्ण झाकून अंधार करा आणि पाणी तिथे फिरतं ठेवा. आणि सगळं पाणीच पालकाच्या सूपासारखं हिरवं झालं असेल, तर ते शेवाळ पाण्यात तरंगत असतं. गोगलगाय खरवडून खाते, तरंगतं तिला खाता येत नाही. इथेही तीन-चार दिवसांचा अंधार आणि पाणी बदलणं हाच उपाय.

५. दोन फुटी टाकीत किती सोडाव्या?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण ५६ लिटर पाणी मावतं. रेती आणि दगड धरले तर त्याहून कमी. एवढ्यात दोन नेराइट, शेवाळ खूप असेल तर तीन. दहा आणल्या तर आठ दिवसांत काच चकचकीत होईल आणि महिन्याभरात त्या उपाशी मरू लागतील. टाकी नवीन असेल तर किमान दीड महिना थांबा. अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं, शून्यावर आल्याशिवाय त्या टिकत नाहीत.

६. शेवाळ संपल्यावर त्या काय खातात?

हा प्रश्न विचारणारे फार थोडे, आणि विचारायला हवा तो सर्वांनी. गोगलगाय हे जनावर आहे, काच स्वच्छ झाली की तिची भूक संपत नाही.

काकडीची किंवा दुधीची चकती, किंवा पालकाचं पान उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून मऊ करा, थंड करून चमच्याला अडकवून तळाशी ठेवा. भाजी नीट धुतलेली हवी, कारण फवारणीचा अंश गोगलगाईला माशांपेक्षा लवकर बाधतो. रात्री ठेवा, सकाळी उरलेलं काढा, नाहीतर तेच कुजून पुन्हा शेवाळाला खत होईल. रॅम्सहॉर्न आणि मिस्ट्री तुटून पडतील. नेराइट मात्र हट्टी असते, पुष्कळदा भाजीकडे ढुंकूनही पाहत नाही.

तिच्यासाठी मी असं करतो: बाल्कनीत काचेच्या बरणीत टाकीतून काढलेलं पाणी आणि नदीतले पाच-सहा गुळगुळीत दगड ठेवतो. नागपूरच्या उन्हात पंधरा दिवसांत दगड हिरवे होतात. मग एकेक दगड टाकीत आणि टाकीतला साफ झालेला दगड परत बरणीत. बरणीला जाळी बांधा, डास होऊ नयेत म्हणून.

७. नळाचं, बोअरचं की आरओचं पाणी?

आरओचं नको. आजवर माझ्याकडे आलेल्या मेलेल्या गोगलगाईंच्या तक्रारींत निम्म्याहून जास्त घरांत हेच कारण निघालं. लोक मायेपोटी करतात, "आम्ही पितो तेच शुद्ध पाणी दिलं" म्हणून. पण गोगलगाईचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि ते बांधायला लागणारं कॅल्शियम ती पाण्यातून आणि अन्नातून घेते. आरओ नेमकं तेच काढून टाकतं. वर पाण्याचा पीएच ७ च्या खाली गेला, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलं, की तयार कवचही विरघळायला लागतं.

महापालिकेचं नळाचं पाणी, जे आपल्याकडे पेंच आणि कन्हानहून येतं, ते चालतं. त्यातलं क्लोरीन मात्र घालवायला हवं. बादलीत भरून चोवीस तास उघडं ठेवा, नाहीतर दुकानात मिळणारे अँटीक्लोरीनचे थेंब वापरा.

बोअरचं पाणी बहुतेक वस्त्यांत जड असतं. बादलीला पांढरे डाग पडतात आणि वरणाची डाळ शिजायला वेळ लागतो. स्वयंपाकघरात आपण ज्या पाण्याला नावं ठेवतो, त्यात गोगलगाईचं कवच छान राहतं. गप्पी, मोली, गोल्डफिश यांनाही ते मानवतं. मऊ पाण्याचे मासे, उदाहरणार्थ निऑन टेट्रा, पाळले असतील तर नळाचं आणि बोअरचं मिसळून द्या.

आरओचं पाणी एकाच कामाला ठीक आहे. उन्हाळ्यात उडून गेलेल्या पाण्याची भर घालताना क्षार आधीच टाकीत मागे राहिलेले असतात, तेव्हा थोडं आरओचं चालतं. बदलायचं पाणी मात्र नळाचं किंवा बोअरचंच.

८. कवच पांढरं पडतंय, टोकाकडून झिजतंय. काय करू?

आधी प्रश्न ७ वाचून पाणी तपासा. मग कॅल्शियम द्या. इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानात समुद्रफेन मिळतो. तो म्हणजे माकुळ जातीच्या समुद्री जिवाच्या अंगातलं पांढरं, हलकं हाड. बोटाएवढा तुकडा उकळून टाकीत सोडा. सुरुवातीला तरंगेल, दोन-चार दिवसांत बुडेल. अंड्याचं टरफल उकळून, आतला पापुद्रा काढून, बारीक करून फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत ठेवलं तरी चालतं.

झिजलेला भाग भरून येत नाही, हे लक्षात ठेवा. कवच फक्त तोंडाच्या कडेला वाढतं. तिथला नवा पट्टा गुळगुळीत आणि गडद दिसला की उपाय लागू पडला समजा. जुन्या नेराइटचं टोक थोडं झिजलेलं असणं तितकंसं काळजीचं नाही.

९. भाऊ, मे महिन्यात गोगलगाई काऊन मरून राहिल्या?

उष्णतेने, आणि उष्णतेमुळे कमी पडलेल्या प्राणवायूने. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो आणि बंद खोलीतली टाकी ३३-३४ अंशांवर सहज पोचते. नेराइटला २२ ते २८ अंश मानवतात. शिवाय २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांत सुमारे ७. त्याच वेळी गरम पाण्यात मासे, गोगलगाई आणि फिल्टरमधले जिवाणू सगळेच जास्त प्राणवायू वापरतात. टंचाई दोन्हीकडून होते.

सर्वात कामाचा उपाय म्हणजे टाकीच्या तोंडावर तिरका लावलेला छोटा पंखा. पाण्याची वाफ होताना उष्णता जाते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे हे इथे मुंबईपेक्षा चांगलं साधतं. कूलर चालू असलेल्या खोलीत हवा ओलसर होते, त्यामुळे पंख्याचा परिणाम थोडा घटतो, पण खोलीच थंड राहते म्हणून एकंदरीत फायदाच. कूलरचा झोत थेट टाकीवर मात्र नको. झाकण काढून पंखा लावला तर वर जाळी टाका, कारण नेराइट रात्री बाहेर चढून येते आणि फरशीवर वाळून मरते.

एअरपंप चोवीस तास चालू ठेवा. वीज जाण्याची सवय असेल तर बॅटरीवर चालणारा एक पंप घरात असू द्या. दिवा दुपारी न लावता संध्याकाळी लावा.

आता एक चूक, जी मी स्वतः केली आहे. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वात तापलेले नऊ दिवस, चालू होता, दुपारी पाणी बदलायला घेतलं आणि नळाचं पाणी थेट टाकीत सोडलं. छतावरच्या काळ्या टाकीत तापून आलेलं ते पाणी हाताला पोळत होतं. त्या दिवशी माझ्या चार नेराइट गेल्या. तेव्हापासून उन्हाळ्यात मी पहाटे बादली भरतो, दिवसभर घरात सावलीला ठेवतो आणि रात्री वापरतो. एका वेळी १५ टक्क्यांहून जास्त बदलत नाही.

बर्फ टाकायचा झालाच तर बंद बाटलीत गोठवून, एका वेळी एकच बाटली. तापमान एकदम खाली-वर झालं तर उकाड्यापेक्षा तेच जास्त मारतं.

१०. हिवाळ्यात काय काळजी घ्यायची?

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली येतो, तेव्हा टाकीचं पाणी १८-२० अंशांवर जातं आणि गोगलगाई सुस्तावतात. मरत नाहीत, पण शेवाळही खात नाहीत. हीटर २४ वर लावा.

११. काचेवर पांढरे तिळासारखे ठिपके दिसतात. रोग आहे का?

नाही, नेराइटची अंडी आहेत. गोड्या पाण्यात ती घालते, पण पिल्लं वाढायला खारं किंवा मचूळ पाणी लागतं, त्यामुळे तुमच्या टाकीत त्यातून काही निपजणार नाही. ठिपके फार चिवट असतात, ब्लेडने खरवडले तरी खूण राहते. ज्यांना काळ्या लाकडावर एकही पांढरा ठिपका खपत नाही त्यांनी नेराइट आणण्याआधी हा विचार करावा.

पाण्याच्या पातळीच्या वर, झाकणाला चिकटलेला गुलाबी, द्राक्षाच्या घडासारखा गोळा दिसला तर तो मिस्ट्रीचा. पिल्लं नको असतील तर ओला असतानाच अलगद काढून फ्रीजरमध्ये गोठवा आणि मग कचऱ्यात टाका. एकच मिस्ट्री आहे, तरी अंडी कशी, असं विचारतात. मादी आधीच्या नराचं बीज महिनोन्महिने साठवून ठेवू शकते. पानांवर पारदर्शक जेलीचे थेंब दिसले तर पुढचा प्रश्न वाचा.

१२. मी एकही आणली नव्हती, आता दोनशे आहेत. कुठून आल्या?

झाडांबरोबर. ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्नची अंडी जेलीच्या थेंबात पानाखाली चिकटलेली असतात. या दोन्ही जाती उभयलिंगी आहेत, गरज पडली तर एकटीच गोगलगाय पुढची पिढी सुरू करते. ट्रम्पेटची मादी तर नराशिवायच जिवंत पिल्लं देते.

मुळात त्या दोनशे झाल्या कारण दोनशेंना पुरेल इतकं खाणं टाकीत पडत होतं. माशांचे दाणे निम्म्यावर आणा, महिन्याभरात फरक दिसेल. रोज रात्री बशीत काकडीची चकती ठेवा आणि सकाळी गोळा झालेल्या गोगलगाईंसकट बशी उचला. गोळा केलेल्यांचं काय करायचं ते प्रश्न २१ मध्ये आहे. गोगलगाई मारायचं औषध टाकीत ओतू नका. शेकडो एकदम मेल्या की रात्रीतून अमोनिया चढतो आणि मासेही जातात.

नवीन झाडं टाकीत घालण्याआधी आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवली तर हा प्रश्न बराचसा टळतो.

१३. त्यांना खायला अ‍ॅसॅसिन गोगलगाय किंवा लोच मासा आणू का?

अ‍ॅसॅसिन खरंच दुसऱ्या गोगलगाई खाते, पण लहान ब्लॅडर संपल्या की तुमच्या नेराइटवरही जाते. यो-यो लोचला चार-पाचांचा घोळका आणि मोठी टाकी लागते, दोन फुटी टाकीत त्याचे हाल होतात. आधी प्रश्न १२ मधला उपाय दोन महिने मनापासून करा.

१४. माझ्याकडे गोल्डफिश, फायटर किंवा फ्लॉवरहॉर्न आहे. गोगलगाई चालतील का?

गप्पी, मोली, प्लॅटी, टेट्रा, कोळंबी: बिनधास्त. गोल्डफिश लहान गोगलगाई गिळतो, मोठ्या नेराइटच्या वाटेला सहसा जात नाही. फायटर माशामाशात फरक असतो. काही फायटर गोगलगाईच्या मिशा कुरतडतात, गोगलगाय दिवसभर आत शिरून बसलेली दिसली तर तिला हलवा. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, पफर आणि लोच यांच्याबरोबर नको.

१५. सकर मासा बरा की गोगलगाय?

गोगलगाय. दुकानात दोन इंची दिसणारा सकर एक फुटाच्या पुढे वाढतो आणि मोठा झाला की शेवाळाकडे फारसं पाहत नाही. घाण मात्र भरपूर करतो. घरच्या दोन-तीन फुटी टाकीत त्याला ठेवणं योग्य नाही, आणि मोठा झाला म्हणून तलावात सोडणं तर अजिबात नाही.

१६. दोन दिवस हलली नाही. मेली का?

नवीन आणलेली असेल तर एक-दोन दिवस निपचित राहणं स्वाभाविक आहे. उताणी पडली असेल तर सरळ करून काचेपाशी ठेवा, नेराइटला कित्येकदा स्वतः उलटता येत नाही. मग बाहेर काढून वास घ्या. मेलेल्या गोगलगाईचा वास इतका कुजका असतो की शंका उरत नाही. नेराइट आणि मिस्ट्रीच्या तोंडाला झाकण असतं. ते घट्ट मिटलेलं असेल तर जिवंत, सैल लोंबत असेल आणि स्पर्शाने आत ओढलं जात नसेल तर गेली. मेलेली लगेच काढा आणि थोडं पाणी बदला.

आणताना पिशवी पंधरा मिनिटं तरंगवा, मग तासभर थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालत राहा. घाई केलीत तर निरोगी गोगलगाईही मिटून बसते.

१७. माशांना पांढरे ठिपके आले म्हणून औषध टाकलं. मासे बरे झाले, गोगलगाई मेल्या. असं का?

औषधात तांबं असणार. माशांच्या परजीवींवरच्या पुष्कळ औषधांत कॉपर सल्फेट असतं, आणि माशाला सोसेल इतक्या तांब्यानेही गोगलगाय मरते. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ते औषध गोगलगाईंच्या टाकीत नकोच. आजारी मासा वेगळ्या बादलीत काढून तिथे उपचार करा. ठिपके टाकीभर पसरले असतील तर गोगलगाईच दुसरीकडे हलवा, आणि औषधोपचारानंतर फिल्टरमध्ये कार्बन (औषध शोषून घेणारा कोळसा) घालून, तीन-चार वेळा पाणी बदलूनच परत आणा.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच. "थोडं मोरचूद टाका, शेवाळ जातं" असा सल्ला अजूनही मिळतो. शेवाळ जाईल, गोगलगाई त्याआधी जातील.

याच कारणाने तांब्याच्या हंड्यात रात्रभर साठवलेलं पाणी टाकीत घालू नका. आपल्या घरांत पिण्याचं पाणी असं ठेवतात आणि उरलेलं सहज टाकीत ओतलं जातं. प्लास्टिकची एक बादली फक्त टाकीसाठी राखून ठेवा, जिला साबण लागत नाही.

१८. तलावातून किंवा धानाच्या बांधीतून आणलेल्या गोगलगाई चालतील का? त्या फुकट मिळतात.

नको. बांधीत आणि तळ्यात दिसणारी मोठी गोल गोगलगाय बहुधा पिला ग्लोबोसा असते. ती पाणवनस्पती खाते, तुमच्या झाडांचा आठवड्यात फडशा पाडेल. उन्हाळ्यात पाणी आटलं की तोंडाचं झाकण मिटून चिखलात महिनोन्महिने पडून राहणारा हा चिवट जीव बांधीतच शोभतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. गुरं-म्हशी उतरतात त्या पाण्यातल्या चपट्या वेटोळ्या गोगलगाईत, इंडोप्लॅनॉर्बिसमध्ये, जनावरांच्या रक्तातल्या कृमींची पिल्लावळ वाढते. ती पाण्यात सुटली की माणसाच्या कातडीत शिरून खाज आणि पुरळ आणते. लिम्निया जातीच्या गोगलगाईत गुरांच्या यकृतातला चपटा कृमी वाढतो. टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या गोगलगाईत ही साखळी तुटलेली असते, तळ्यातून थेट आणलेलीत नाही. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवायची सवय सर्वांनीच ठेवावी.

१९. मालवणला गेलो होतो, खडकावर अगदी नेराइटसारख्या दिसणाऱ्या सापडल्या. आणल्या तर?

त्या नेराइटच्याच कुळातल्या असू शकतात, पण समुद्राच्या खाऱ्या पाण्यातल्या. तुमच्या गोड्या पाण्यात जगणार नाहीत. जिथे आहेत तिथे राहू द्या.

२०. कूलरच्या टाकीत शेवाळ होतं. तिथे गोगलगाई सोडल्या तर डासही कमी होतील का?

हा प्रश्न खास आपल्याच गावचा, दर एप्रिलमध्ये येतो. सोडू नका. कूलरमध्ये पाणी सतत उडतं, क्षार साचत जातात, दुपारी पाणी आटतं आणि पंप गोगलगाईंना ओढून घेतो. त्या डासांच्या अळ्या खात नाहीत. आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायची असते, डेंग्यूच्या डासासाठी तेच एक भरवशाचं काम आहे. त्या कोरड्या दिवशी गोगलगाईंचं काय करणार?

गच्चीवरच्या कमळाच्या टबात मात्र रॅम्सहॉर्न छान राहतात, टब मोठा असेल आणि दुपारी सावली पडत असेल तर.

२१. जास्त झालेल्या गोगलगाई फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू का? मारायला जीव होत नाही.

तुमची भावना कळते, पण सोडू नका. एकही नको, अंडीही नकोत.

अंबाझरीचं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये तलाव ओसंडला आणि पाणी नाग नदीतून वस्त्यांत शिरलं, ते आपण सर्वांनी पाहिलं. त्या पाण्याबरोबर तलावातलं जे काही असेल तेही वाहतं. नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेच्या काठाने भंडाऱ्यापासून खाली सगळी धानाची शेती आहे. मिस्ट्रीची एक जवळची बहीण, गोल्डन अ‍ॅपल, १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये आणली गेली, तिथून फिलिपिन्स आणि आजूबाजूच्या देशांत पोचली आणि भाताच्या कोवळ्या रोपांवरची मोठी कीड झाली. लहानपणी या दोघींत फरक करणं दुकानदारालाही अवघड जातं. कोणती आपल्या हाती आली आहे याची खात्री नसताना ती धानाच्या खोऱ्यात पोचू देऊ नये.

जास्तीच्या गोगलगाई टाकी असलेल्या ओळखीच्यांना द्या, दुकानदाराला विचारा, किंवा ज्यांच्याकडे लोच आणि पफर आहेत त्यांना द्या. त्यांना असं जिवंत खाणं लागतंच. काहीच जमलं नाही तर डब्यात थोड्या पाण्यासकट फ्रीजरमध्ये एक रात्र ठेवा. सकाळी त्या कुंडीतल्या मातीत खोल पुरा, कवचातलं कॅल्शियम झाडाला मिळेल. झाडं धुतलेलं पाणी आणि काढलेली रेतीसुद्धा नाल्यात न ओतता कुंडीतच घाला, कारण त्यातली अंडी डोळ्यांना सहज दिसत नाहीत.